सरांना दाखवायची राहून गेलेली गुणपत्रिका

पत्र

मी माण तालुक्यातील एका गावच्या शाळेतून 1990 च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली. नववी संपताच वडिलांनी माझी शाळा बंद करून लग्न जमवायचे ठरवले होते. आमचे गणिताचे सर लागोपाठ तीन दिवस संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. पहिले दोन दिवस वडील त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "परीक्षेचा फॉर्म मी भरतो, फी मी भरतो, पोरीचं एक वर्ष मला द्या." वडिलांनी मान हलवली. मी पास झाले, कराडला मामाकडे राहून बी.कॉम. केले आणि आज पुण्यात एका सहकारी बँकेत शाखाधिकारी आहे. मात्र गुणपत्रिका हातात पडली त्याच दिवशी दुपारच्या एसटीने मी कराडला गेले आणि सरांना ती दाखवायलाही थांबले नाही. लग्नाची पत्रिका त्यांना पाठवली नाही, वडील गेल्यावर कळवले नाही. पस्तीस वर्षांत एकदाही त्यांना भेटले नाही.

आता आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटाने दिवाळीनंतरच्या रविवारी तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयात गुरुजन गौरव सोहळा ठरवला आहे. फेटे, ढोलताशा, फुलांनी सजवलेल्या गाडीतून सरांची मिरवणूक असा बेत आहे. सर आता 85 वर्षांचे आहेत, त्यांना ऐकू कमी येते, आणि सूनबाई सांगतात की कधी कधी ते माणसे ओळखत नाहीत व अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ त्यांना बसवत नाही.

याच गटावर एका वर्गमित्राने लिहिले, "तुमचे सर तुम्हाला लखलाभ. गणवेश मळका म्हणून त्यांनी मला वर्गासमोर बाकावर उभे केले आणि छडीने पोटऱ्या फोडल्या. त्यानंतर मी शाळेत आलो नाही." त्याची आई तेव्हा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात असे, आणि त्याच्याकडे गणवेशाचा एकच जोड होता. बाकीच्यांनी "सरांनी मारले म्हणून तर आपण घडलो" असे म्हणून त्याला गप्प केले. तो गट सोडून गेला. सोहळ्यात विद्यार्थ्यांच्या वतीने बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ज्या माणसाने मला आयुष्य दिले त्याच्याविषयीच दुसऱ्याच्या मनात एवढी जखम असेल, तर माझी कृतज्ञता खोटी ठरते का? आणि इतकी वर्षे तोंड न दाखवलेल्या मुलीने आता कोणत्या तोंडाने जायचे?

— एक वाचक, पुणे

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते, कारण तो सुटल्याखेरीज बाकीच्या प्रश्नांना हात घालण्यात अर्थ नाही, आणि त्यासाठी लागणारा वेळ तुमच्या हाती मोजकाच आहे. ज्या तोंडाने तुम्ही दुपारच्या एसटीने कराडला गेलात, त्याच तोंडाने जायचे. सोळा वर्षांच्या ज्या मुलीचे लग्न वर्षभरापूर्वी जवळजवळ ठरले होते, ती निकाल लागताच गावातून निघाली याचे कारण कृतघ्नता असेल असे मला वाटत नाही. दार पुन्हा बंद होईल या धास्तीने ती निघाली असावी. तुमच्या सरांनी हे त्या दिवशीच ओळखले असेल, कारण त्या दाराशी तीन संध्याकाळी बसून त्यांनीच ते उघडले होते. त्यापुढची वर्षे मात्र वेगळी आहेत. ती संकोचाने गेली, कामाने गेली, आणि 'आता इतक्या उशिरा काय जायचे' या विचाराने गेली. हा विचार दर वर्षी अधिकच खरा वाटू लागतो. त्या वर्षांबद्दल तुम्हाला खंत वाटते ती रास्त आहे आणि मी ती पुसून काढणार नाही, परंतु त्या खंतीला आणखी एक दिवाळी देऊ नका एवढे नक्की सांगेन.

हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. मला मराठी शिकवणाऱ्या बाई निबंधाच्या वहीत नुसता 'ठीक' असा शेरा देत नसत. ज्या वाक्यात मी मला न वाटलेले काही लिहिले असेल त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून त्या समासात 'हे तुझे आहे का?' असे लिहीत. पुढे लेखन हेच माझे काम झाले आणि ती लाल रेघ मला आजही दिसते. त्यांना हे कळवणारे पत्र मी लिहून ठेवले होते. ते नीट उतरले नाही असे वाटून पुन्हा लिहायचे म्हणून खणात ठेवले, आणि तसेच ते चार वर्षे राहिले. एके दिवशी वर्तमानपत्राच्या निधनवार्तांत बाईंचे नाव वाचले. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या लेकीने मला चहा देऊन समोर बसवले आणि विचारले, "आई शाळेत कशी होती हो? घरी ती फार बोलायची नाही." मी त्यांना लाल रेघेविषयी सांगितले. लेकीला ते ठाऊकच नव्हते. त्या दिवशी मला कळले की शिक्षकाच्या आयुष्याचा मोठा भाग त्याच्या घरच्यांना कधी दिसलेला नसतो. तो आपल्यासारख्यांकडे विखरून ठेवलेला असतो, आणि आपण तो परत नेऊन दिला नाही तर त्याची नोंद कुठेच राहत नाही. तुमच्या सरांच्या सूनबाईंना त्या तीन संध्याकाळींची गोष्ट बहुधा ठाऊक नसेल. ती सांगण्यासाठी तुम्हाला कोणाच्या परवानगीची गरज नाही आणि मंगल कार्यालयाचीही नाही.

आता सोहळ्याविषयी. तुमच्या वर्गमित्रांचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. ज्या मुलांना शाळेत असताना एक साधी सहल नीट परवडली नाही ती आज स्वतःच्या पैशाने फेटे आणि गाडी आणू पाहतात, यात प्रेम आहे आणि थोडा अभिमानही आहे, आणि दोन्ही मला समजतात. तथापि हा बेत सरांसाठी आखलेला दिसत नाही. 85 वर्षांच्या, कमी ऐकणाऱ्या माणसाला ढोलताशात आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर बसवले तर त्याला एक शब्दही नीट कळत नाही. कानात यंत्र असेल तर ते भाषणाबरोबर सगळा गलकाही मोठा करून कानात ओतते आणि अशा वेळी म्हातारी माणसे ते निमूटपणे काढून खिशात ठेवतात. मग साठ-सत्तर माणसे एकामागून एक पाया पडतात, आणि प्रत्येक जण वाकून तोच प्रश्न विचारतो, "ओळखलंत का सर?"

या प्रश्नाविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण आपण सर्वच तो प्रेमाने विचारतो आणि त्याने समोरच्याचे काय होते ते पाहत नाही. ज्या शिक्षकाने आयुष्यभर हजेरीपटावरची नावे तोंडपाठ ठेवली, त्याला आपल्याच विद्यार्थ्यांसमोर दर मिनिटाला परीक्षेला बसवून नापास करण्यासारखे ते आहे. म्हणून तुम्ही जाल तेव्हा हा प्रश्न विचारू नका. आधी तुमचे नाव सांगा, माहेरचे आडनाव सांगा, वडिलांचे नाव सांगा, तुमची वस्ती कोणत्या ओढ्याच्या अलीकडे होती ते सांगा आणि नव्वदची बॅच हे सांगा. त्यांच्या समोर, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल अशा जागी बसा, ओरडू नका, सावकाश आणि थोड्या खालच्या पट्टीत बोला. स्मरण मंद झालेल्या अनेक माणसांच्या बाबतीत अलीकडच्या गोष्टी आधी पुसल्या जातात आणि तरुणपणीच्या गोष्टी बराच काळ टिकतात. तेव्हा काल कोण आले होते हे न आठवणाऱ्या माणसाला पस्तीस वर्षांपूर्वीचा एक ओटा आठवणे मुळीच अशक्य नाही. वर्गाचा जुना फोटो असेल तर तो मोठा छापून न्या. त्या पिढीच्या गणिताच्या शिक्षकांना पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत असत. तुम्ही औटकीची पहिली ओळ म्हणून थांबलात तर पुढची ओळ तेच म्हणतील, अशीही शक्यता आहे. आणि काहीच आठवले नाही तरी तुमचे काम अडत नाही. त्यांना आठवायला लावण्यासाठी तुम्ही जात नाही आहात. तुम्हाला आठवते हे त्यांना सांगण्यासाठी तुम्ही जात आहात, आणि ते ऐकण्यापुरते ते त्या घटकेला हजर असले तर पुरे आहे.

शक्यतो सकाळी जा, त्या वेळी म्हातारी माणसे ताजीतवानी असतात. आधी सूनबाईंना फोन करून वेळ विचारा, आणि सोबत फार तर दोघांना न्या. वर्गमित्रांनाही हाच मार्ग सुचवा. रविवारचा स्नेहमेळावा खुशाल करावा, एकमेकांना भेटावे, जेवावे. मात्र सरांना मंचावर आणण्याऐवजी दोघा-तिघांनी मिळून पुढच्या वर्षभरात आळीपाळीने त्यांच्या घरी जावे. एका दिवसात साठ माणसे भेटण्यापेक्षा महिन्यातून दोन माणसे दारात येणे त्यांच्या प्रकृतीला मानवेल, आणि सूनबाईंनाही थोडा विसावा मिळेल. वर्षानुवर्षे त्यांचे पथ्यपाणी त्याच सांभाळत आहेत, आणि सत्काराच्या यादीत त्यांचे नाव कुठेच नसेल असे मला वाटते.

काय बोलावे, हा तुमच्यापुढचा प्रश्न आहे. गौरव समारंभात शिक्षकांविषयी जे बोलले जाते त्यातील बरेचसे कोणत्याही शिक्षकाला लागू पडते. शिस्तप्रिय, तळमळीचे, विद्यार्थिप्रिय, ज्ञानदानाचे व्रत घेतलेले, ही विशेषणे आळीपाळीने कोणाच्याही गळ्यात पडतात आणि ऐकणाऱ्याच्या मनात काहीही उमटत नाही. याउलट डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी आपल्या शिक्षकांची जी आठवण अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे ती पाहा. गिरगावातील युनियन हायस्कूलमध्ये भावे सर त्यांना विज्ञान शिकवत. एके दिवशी सरांनी मुलांना उन्हात नेले, बहिर्गोल भिंग धरून सूर्याचे किरण कागदावर एकत्र केले, आणि कागद जळाला. आपली सगळी शक्ती अशी एका जागी आणली तर काहीही साधते, हा अर्थ त्यांनी त्या छोट्याशा माशेलकरांना त्या वेळी उलगडून सांगितला. अत्यंत गरिबीत वाढलेल्या त्या मुलाला वैज्ञानिक व्हावेसे वाटण्यामागे तो दिवस होता असे ते सांगतात. या आठवणीत भावे सरांच्या स्वभावाचे एकही विशेषण नाही. एक भिंग आहे, ऊन आहे, कागद आहे, आणि तरीही ते शिक्षक आपल्याला दिसतात. ही आठवण दुसऱ्या कोणाच्या शिक्षकावर चिकटवता येत नाही, हेच तिचे बळ आहे.

तुमच्याकडे तीन संध्याकाळी आहेत. त्यांचे मोल तुम्हाला पूर्ण कळले आहे का, अशी मला शंका येते, म्हणून थोडे सांगते. मुलीच्या लग्नाचे वय किमान 18 असावे असा बदल कायद्यात 1978 सालीच झाला होता. म्हणजे तुमचे लग्न ठरत होते तेव्हा तो कायदा होऊन अकरा वर्षे लोटली होती, परंतु कायदा तुमच्या ओट्यावर आला नाही, सर आले. गावात राहून, त्याच गावच्या पालकांच्या भरवशावर शाळा चालवणाऱ्या शिक्षकाने एखाद्याच्या घरच्या सोयरिकीत तोंड घालणे किती अवघड होते, हे तुम्ही आता मोठ्या झाल्यावर जाणू शकता. दोन संध्याकाळी त्यांचा जो अबोल्याने अपमान झाला तो गावाने पाहिला असणार, आणि तरीही ते तिसऱ्या दिवशी आले. ही तिसरी संध्याकाळच तुम्हाला सांगायची आहे. त्या वेळी घरात कोण होते, आई दाराआड उभी होती का, सरांनी पाणी तरी घेतले का, ते सायकलवर आले होते की चालत, आणि त्यांनी नेमके शब्द कोणते वापरले, हे सगळे जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा. लिहिताना आणखी आठवेल. आणि तो कागद त्यांच्या घरी ठेवून या. सर विसरतील, पण नातवंडे वाचतील.

आता तुमच्या वर्गमित्राकडे येते. पत्रातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला, आणि माझ्या मते तुमच्या साऱ्या प्रश्नांचे मूळ इथेच आहे.

"सरांनी मारले म्हणून आपण घडलो" हे वाक्य बोलणारे सगळे त्या गटात आहेत, कारण ते मार खाऊनही शाळेत टिकले. जे मार खाऊन शाळेतून गेले त्यांचा गट नाही, त्यांचा स्नेहमेळावा होत नाही, आणि त्यांच्यातला एक जण चुकून तुमच्या गटात आला तर त्याला काय उत्तर मिळाले ते तुम्ही पाहिलेच. छडीचा हिशेब फक्त पास झालेल्यांनी मांडला तर तो नेहमी नफ्यातच दिसणार. तुम्ही बँकेत आहात, बुडालेली खाती वगळून काढलेला ताळेबंद किती खरा असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय त्याला जी शिक्षा झाली ती गणित चुकल्याची नव्हती. गणवेशाचा दुसरा जोड नसल्याची ती शिक्षा होती, म्हणजे आईने फोडलेल्या खडीची होती. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास बंदी घातली, आणि तो कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. तुमच्या काळात असा कायदा नव्हता हे खरे, परंतु वर्गासमोर बाकावर उभ्या राहिलेल्या मुलाला लाज वाटण्यासाठी कोणत्याही कायद्याची गरज नव्हती. त्याने जे लिहिले ते त्याच्यापुरते पूर्ण खरे आहे असे मानून चाला.

तर मग तुमची कृतज्ञता खोटी ठरते का? नाही, आणि हे सांगताना मला तुमच्याच जिल्ह्यातील एक विद्यार्थी आठवतो. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकर सातारच्या शाळेत दाखल झाले. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट शाळेची झाडलोट करणारा नोकरसुद्धा शिवत नसे, म्हणून संध्याकाळी घरी न्यावे लागे आणि सकाळी परत आणावे लागे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, तो नसेल तर तहान तशीच राही. त्याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक होते. मधल्या सुट्टीत या मुलाला जेवायला लांब घरी जावे लागू नये म्हणून ते आपल्या डब्यातील भाजी-भाकरी त्याला देत. बाबासाहेबांनी या दोन्ही गोष्टी पुढे स्वतः सांगितल्या आहेत. भाकरीच्या आठवणीने त्यांनी गोणपाट झाकले नाही, आणि गोणपाटाच्या रागाने भाकरी नाकारली नाही. गोलमेज परिषदेच्या वेळी त्या शिक्षकांचे पत्र आले तेव्हा ते त्यांनी जपून ठेवले, आणि ज्या व्यवस्थेने त्यांना गोणपाटावर बसवले तिच्याविरुद्धचा लढाही एका दिवसासाठी थांबवला नाही. तिथे मायेचा हात आणि अपमान वेगवेगळ्या माणसांकडून आले होते, तुमच्या शाळेत ते एकाच माणसाकडून आले, म्हणून तुमचा पेच अधिक कठीण आहे, हे मला मान्य आहे. परंतु एकाच मनात दोन्ही सत्यांना जागा असू शकते, एवढे या उदाहरणातून निश्चित दिसते. तुमच्या बाबतीत ती दोन सत्ये दोन मनांत आहेत, इतकेच.

यातून मार्ग काढायला भाषणातला एक शब्द बदलावा लागेल. तुम्हाला विद्यार्थ्यांच्या वतीने बोलायला सांगितले आहे. ते नाकारा. 'सरांनी आम्हा सर्वांना घडवले' हे वाक्य तुम्ही म्हणू शकत नाही, कारण त्या 'सर्वां'मधला एक जण तुमच्या डोळ्यांसमोर शाळेतून गेला. 'सरांनी मला शाळेत ठेवले' हे वाक्य तुम्ही कोणापुढेही, त्या वर्गमित्रापुढेसुद्धा, मान वर करून म्हणू शकता, कारण ते तुमचे आहे. कृतज्ञता एकवचनात असली की ती कोणाचे तोंड दाबत नाही. अनेकवचनात गेली की ती दुसऱ्याच्या वतीने सही करू लागते, आणि तुमच्या गटावर जे घडले ते नेमके हेच होते. साठ जणांनी मिळून एका माणसाच्या पोटऱ्यांवरचे वळ पुसायचा प्रयत्न केला.

शिक्षकाचा गौरव म्हणजे स्तुतीच, असे आपण समजतो तेही मला पटत नाही. 1855 साली 'ज्ञानोदय' नियतकालिकात मुक्ता साळवे या शाळकरी मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. ती फुले दांपत्याच्या शाळेत शिकली होती. त्या निबंधाचा भर गुरूंच्या स्तुतीवर नाही. आपल्या माणसांवर काय अन्याय होतो ते तिने निर्भीडपणे, अंगावर येईल अशा शब्दांत लिहिले. तिच्या शिक्षकांचा याहून मोठा गौरव कोणता झाला असता, हे मला सुचत नाही. तुमच्या वर्गमित्राने चार ओळींत जे लिहिले त्यात मला त्याच जातीचा खरेपणा दिसतो, जरी त्याचे बोट शिक्षकाकडेच रोखलेले असले तरी.

त्याला फोन करा. सोहळ्याला ये असे सांगण्यासाठी नको, सरांना माफ कर असे सांगण्यासाठी तर मुळीच नको. 'गटावर तुला गप्प केले तेव्हा मी काही बोलले नाही, ते चुकले' एवढे सांगण्यासाठी करा. तुम्ही पत्रात गटावरचे सगळे काही लिहिले आहे, परंतु त्या वेळी तुम्ही काय लिहिले ते लिहिलेले नाही, त्यावरून तुम्ही गप्प राहिलात असे मी धरते. माझा अंदाज चुकला असेल तर क्षमा करा. मग तो जे बोलेल ते ऐका. तो चिडेल, कदाचित फोन ठेवून देईल, कदाचित त्याने पुढे काय केले, कुठे कामाला गेला, मुलांना कोणत्या शाळेत घातले ते सांगेल. त्याला सरांच्या तीन संध्याकाळींची गोष्ट समजूत घालण्यासाठी सांगू नका. त्याने विचारले तरच सांगा.

सरांकडून त्याच्यासाठी दिलगिरी मिळवावी असा विचार तुमच्या मनात येऊ शकतो, कारण तुम्ही कामे मार्गी लावणाऱ्या बाई दिसता. माझा सल्ला असा की ज्या माणसाला माणसे ओळखू येत नाहीत त्याच्याकडून असा शब्द वदवून घेऊ नये, त्यात दोघांचाही मान राहत नाही. मात्र बोलता बोलता सरांनीच त्या मुलाचे नाव काढले, आणि शिक्षकांना हातून सुटलेली मुले आठवत राहतात हे मी पाहिले आहे, तर विषय बदलू नका. 'जाऊ द्या सर' असे म्हणून त्यांना थांबवू नका. जे म्हणतील ते ऐका आणि त्या वर्गमित्राला ऐकायचे असेल तर जसेच्या तसे पोहोचवा.

सोहळ्यासाठी जमलेल्या वर्गणीविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी थोडक्यात लिहिते. प्रवेशद्वार आणि रंगीत फलक यांवर ती खर्च करू नका. आपल्याकडे शाळेच्या नावे ठेव ठेवून तिच्या व्याजातून पहिल्या क्रमांकाला बक्षीस देण्याची जुनी रीत आहे. तुम्ही ती थोडी वळवून घ्या. नववीनंतर गळण्याच्या बेतात असलेल्या मुलामुलींसाठी, मग कारण लग्नाचे असो, ऊसतोडीला जाण्याचे असो की गणवेशाचे, मुख्याध्यापकांनी गाजावाजा न करता वापरावी अशी ती ठेव असावी, आणि लाभ घेणाऱ्याचे नाव कोणत्याही कार्यक्रमात पुकारले जाऊ नये अशी अट कागदावर असावी. तिला नाव सरांचे द्यावे की नाही, हे ठरवण्यापूर्वी त्या एका वर्गमित्राला विचारावे असे मला मनापासून वाटते.

सरांना पाकीट देऊ नका. त्यांनी भरलेल्या फीची रक्कम त्या काळी किती होती हे शोधून ती व्याजासह परत करण्याचा विचार, तुम्ही बँकेत असल्यामुळे, तुमच्या मनात एकदा तरी आला असेल. तो बाजूला ठेवा. ते कर्ज नव्हते. त्यांनी तुमच्या वडिलांकडे एक वर्ष मागितले होते, आणि त्या वर्षाचे काय झाले एवढेच त्यांना कळायचे राहिले आहे.

म्हणून दिवाळीची वाट पाहू नका. या आठवड्यात सूनबाईंना फोन करा, एक दिवस रजा टाका आणि पहाटेची गाडी धरा. नारळ, शाल न्यायची तर न्या, नाही नेली तरी चालेल. 1990 ची ती गुणपत्रिका मात्र कपाटातून काढून बरोबर घ्या, आणि त्यांचा चष्मा डोळ्यांवर आहे ना हे पाहून ती त्यांच्या हातात द्या.

तुमची हितचिंतक